मोटारीच्या पुढील बंपरवरील वायुगतिकीय जोडभाग : कार्यतत्त्व, जोडणी आणि समतोल

प्रस्तावना

मोटारीच्या पुढील बंपरखाली बसवलेली काळी पट्टी, जमिनीला समांतर पुढे आलेली पातळ फळी किंवा बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांवरचे लहान तिरके पंख आता शहरी रस्त्यांवर सहज दृष्टीस पडतात. हे भाग मुळात शर्यतीच्या मोटारींसाठी विकसित झाले आणि कालांतराने सामान्य मोटारींकडे आले. सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत ते बहुधा शोभेची वस्तू म्हणून विकले जातात आणि घेणाराही त्यांच्याकडे त्याच दृष्टीने पाहतो. वस्तुतः हा प्रत्येक भाग हवेच्या प्रवाहात हस्तक्षेप करतो. हा हस्तक्षेप उपयुक्त ठरेल की घातक, हे त्या भागाच्या आकाराइतकेच मोटारीच्या पुढील व मागील बाजूंमधील समतोलावर आणि जोडणीच्या पद्धतीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या भागांचे कार्यतत्त्व, त्यांच्या जोडणीतील तांत्रिक बाबी आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

१. मोटार आणि हवा

धावत्या मोटारीवर हवेची दोन प्रमुख बले कार्य करतात. एक बल गतीच्या विरुद्ध दिशेने मोटारीला मागे ओढते. त्यास रोध म्हणतात. दुसरे बल उभ्या दिशेने कार्य करते. सामान्य मोटारीचा वरचा भाग फुगीर, तर तळ तुलनेने सपाट असतो. त्यामुळे छतावरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो व तेथील दाब घटतो. वेग आणि दाब यांच्यातील हे नाते डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. त्याच्या परिणामी बहुतेक प्रवासी मोटारींवर वेग वाढेल तसे वर उचलणारे बल, म्हणजे उत्थापन, निर्माण होते. उत्थापनामुळे चाकांवरील भार कमी होतो. टायरची रस्त्यावरील पकड या भारावर अवलंबून असल्याने सुकाणू आणि ब्रेक या दोहोंची परिणामकारकता घटते.

मोटारीचा तळ वरवर सपाट दिसला, तरी तेथे धुराड्याची नळी, आस, निलंबनाचे दांडे असे अनेक उंचवटे असतात. या खडबडीत भागातून जाणारी हवा विस्कळीत होऊन रोध वाढवते. म्हणून तळाखाली किती हवा जाऊ द्यायची, हा पुढील बंपरच्या रचनेतील मूलभूत प्रश्न ठरतो.

२. जोडभागांचे प्रकार

या भागांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार एअर डॅम. बंपरच्या खालच्या कडेपासून जमिनीकडे उतरणारी ही उभी पट्टी असते. तिच्या लहान रूपास बाजारात ‘लिप’ म्हणतात. ती तळाखाली शिरणाऱ्या हवेस अडवते. तिच्यामागील भागात दाब कमी होतो आणि पुढील बाजूचे उत्थापन घटते. तळाखालील विस्कळीत प्रवाह कमी झाल्याने एकूण रोधही घटू शकतो. परंतु पट्टी प्रमाणाबाहेर खोल झाली, तर तिचा स्वतःचा रोध हा लाभ खाऊन टाकतो.

दुसरा प्रकार स्प्लिटर. ही बंपरच्या तळाशी बसवलेली आडवी फळी होय. बंपरवर आदळून मंदावलेल्या हवेचा दाब जास्त असतो आणि तो फळीच्या वरच्या पृष्ठावर पडतो. फळीखालून मात्र हवा वेगाने जात असल्याने तेथे दाब कमी राहतो. या फरकातून खाली दाबणारे बल मिळते.

तिसरा प्रकार कॅनार्ड, म्हणजे बंपरच्या कोपऱ्यांवरील तिरके पंख. ते हवेस वर वळवून थोडे अधोगामी बल देतात आणि मोटारीच्या बाजूने भोवरे सोडतात. बलाच्या मानाने त्यांचा रोध अधिक असतो. त्यामुळे शर्यतीतही त्यांचा उपयोग प्रामुख्याने समतोलाच्या सूक्ष्म समायोजनासाठी होतो.

३. वेगाचे गणित

हवेचा गतिक दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.५ मीटर रुंद आणि सुमारे ७ सेंटिमीटर पुढे आलेल्या स्प्लिटरचे क्षेत्रफळ साधारण ०.१ चौरस मीटर भरते. त्याच्या वरच्या पृष्ठावर पूर्ण गतिक दाब पडतो असे गृहीत धरल्यास ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे १७ न्यूटन, १२० ला सुमारे ६७ न्यूटन आणि २०० ला सुमारे १८५ न्यूटन बल मिळते. हे अनुक्रमे १.७, ६.८ आणि १९ किलोग्रॅम वजनाइतके होय. फळीखालील कमी दाबामुळे यात भर पडते, पण वेगाच्या वर्गाशी असलेले नाते बदलत नाही.

एक हजार किलोग्रॅम वजनाच्या, पुढे इंजिन असलेल्या मोटारीच्या पुढील आसावर सुमारे ६०० किलोग्रॅम भार असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला त्यात पडणारी भर अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. शहरातील वेगमर्यादेत असा भाग पकड वाढवतो, हा समज म्हणूनच निराधार ठरतो. ज्या वेगाला तो खरोखर कार्य करू लागतो, त्याच वेगाला त्याच्या रचनेतील किंवा जोडणीतील दोषही सर्वाधिक धोकादायक होतात.

४. समतोलाचा प्रश्न

पुढील बंपरवरील बल पुढच्या आसाच्याही पुढे कार्य करते. त्यामुळे मोटार तरफेप्रमाणे वागते. दोन आसांमधील अंतर २.४ मीटर आणि स्प्लिटर पुढील आसापासून ०.८ मीटर पुढे असल्यास ६० न्यूटन अधोगामी बलामुळे पुढील आसावरील भार ८० न्यूटनने वाढतो, तर मागील आसावरील भार २० न्यूटनने घटतो. पुढे मिळालेल्या पकडीची किंमत काही अंशी मागील चाके मोजतात. मागील पकड प्रमाणाबाहेर घटल्यास वेगवान वळणावर मोटारीचा मागील भाग बाहेर फेकला जातो. सामान्य चालकास ही अवस्था सावरणे अत्यंत कठीण असते.

मोटारनिर्मितीच्या इतिहासात याची बोलकी उदाहरणे सापडतात. पोर्शे कंपनीने १९७२ च्या मालिकेतील ९११ एस या मोटारीस पुढील स्पॉयलर दिला. त्याच वर्षी सादर झालेल्या कॅरेरा आरएस २.७ या मोटारीच्या मागील झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटाही आला. पुढील उत्थापन कमी केल्यावर मागील बाजूचाही विचार करावा लागतो, हा धडा या जोडीतून मिळतो. १९९८ मध्ये विक्रीस आलेल्या ऑडी टीटी या मोटारीचा गोलाकार मागील भाग अतिवेगात पुरेसा दाबला जात नव्हता. जर्मनीतील महामार्गांवर झालेल्या प्राणघातक अपघातांनंतर कंपनीने १९९९ च्या अखेरीस मोटारी परत बोलावून मागील स्पॉयलर, निलंबनातील बदल आणि स्थैर्यनियंत्रण यंत्रणा बसवण्याची योजना जाहीर केली.

सर्वांत उद्बोधक उदाहरण १९९९ च्या ल माँ शर्यतीतील मर्सिडीज सीएलआर या मोटारीचे आहे. पात्रता फेरीत आणि शर्यतीच्या दिवशी सकाळच्या सरावात मार्क वेबर यांची मोटार पुढील बाजूने उचलली जाऊन हवेत उलटली. त्यानंतर उर्वरित दोन मोटारींच्या पुढील भागावर लहान पंख बसवण्यात आले आणि दुसऱ्या मोटारीच्या अगदी मागे न राहण्याची सूचना चालकांना देण्यात आली. तरीही शर्यतीत पीटर डंब्रेक यांची मोटार दुसऱ्या मोटारीच्या मागून जात असता हवेत उडाली आणि कठड्यापलीकडे जाऊन पडली. चालक बचावले व कंपनीने उरलेली मोटार मागे घेतली. आसांच्या पुढे-मागे लांबवर गेलेला सांगाडा, रस्त्यावरील चढ आणि पुढील मोटारीने विस्कटलेली हवा यांचा संयुक्त परिणाम त्या पंखांच्या आवाक्याबाहेरचा होता. मूळ रचनेतील दोष जोडभागाने झाकता येतो, या समजुतीस हे ठळक उत्तर होय.

५. जोडणीतील तांत्रिक बाबी

बाहेरून दिसणारा बंपर हे बहुधा पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकचे आवरण असते. धडकेचा आघात सोसणारा आडवा दांडा त्याच्या मागे असतो आणि आवरण क्लिपा व स्क्रूंनी अडकवलेले असते. लहान लिप या आवरणावर बसवता येते. भार घेणारा स्प्लिटर मात्र सांगाड्याशी जोडलेल्या धारकांवरच बसवावा लागतो व त्याच्या पुढील कडेस आधारदांड्यांची गरज भासते. अन्यथा तो वेगात थरथरतो किंवा आवरणासह निखळून मागून येणाऱ्या वाहनासमोर पडतो.

पॉलिप्रॉपिलीनवर गोंद सहजासहजी धरत नाही. म्हणून पृष्ठभाग धुऊन, अल्कोहोलने पुसून त्यावर योग्य प्रायमर लावल्याशिवाय दुतोंडी चिकटपट्टीवर विसंबू नये. प्लास्टिक उन्हात लक्षणीय प्रसरण पावते. स्क्रूसाठी लांबट छिद्रे ठेवल्यास भाग वाकत किंवा तडकत नाही. छिद्रे पाडण्यापूर्वी बंपरमागील संवेदक, रडार आणि विजेच्या तारा यांची स्थाने पाहणे अनिवार्य आहे. रेडिएटरकडे जाणारी जाळी झाकली जाता कामा नये. १९८४ च्या शेव्हरले कॉर्व्हेटमध्ये थंड हवा मुख्यतः खालून घेतली जात असल्याने तिचा एअर डॅम तुटल्यास इंजिन तापत असे. यावरून हा भाग थंडाव्याशीही किती निगडित असतो, हे ध्यानात येते.

भारतीय रस्त्यांवर जमिनीपासूनची उंची निर्णायक ठरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असतो. प्रत्यक्षात याहून आखूड व उभे गतिरोधक पावलोपावली आढळतात. खोल लिप त्यांवर घासते आणि हळूहळू तिची जोडणी सैल होते. २०१९ च्या रॅम १५०० या अमेरिकी वाहनात एअर डॅम ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगानंतर आपोआप खाली येतो. संथ वेगात उंची आणि महामार्गावर कमी रोध, हा विरोध असा सोडवता येतो. परंतु ते काम मूळ रचनाकाराचे आहे.

६. पादचारी आणि कायदा

मोटारीचा पुढील बंपर पादचाऱ्याच्या पायास सर्वप्रथम लागतो. म्हणूनच बाह्य उंचवट्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २६ क्रमांकाच्या नियमात अशा भागांच्या कडांना सर्वसाधारणपणे किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई अपेक्षित आहे. पत्र्याचा धारदार स्प्लिटर किंवा टोकदार कॅनार्ड या अपेक्षेच्या थेट विरुद्ध जातो.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधोरेखित केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ अन्वये अननुज्ञेय बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तत्पूर्वी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने पुढील बाजूच्या लोखंडी गजांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. सामान्य लिप आणि असे गज यांत अंतर आहे. परंतु बंपरपुढे येणारी कठीण वस्तू पादचाऱ्यास इजा करू शकते, हे तत्त्व दोहोंस लागू पडते.

निष्कर्ष

पुढील बंपरवरील जोडभाग हे वायुगतिकीच्या दृष्टीने निरर्थक नाहीत. परंतु शहरी वेगास त्यांचा लाभ नगण्य असतो. महामार्गावरील वेगास पुढील बाजूचा लाभ मागील बाजूच्या हानीसह येतो आणि पुढे काही जोडताना मागील आसाचा हिशेब मांडल्याखेरीज ते काम पूर्ण होत नाही. निर्मात्याने त्याच मोटारीसाठी चाचणी करून दिलेला भाग, सांगाड्यास दिलेला आधार, गोलाईदार कडा आणि कायद्याची चौकट या मर्यादेतच अशी जोडणी समर्थनीय ठरते. भौतिकशास्त्र व अभियांत्रिकीच्या अध्यापनासाठी हा विषय विशेष उपयुक्त आहे. बर्नुलीचे तत्त्व, वेगाच्या वर्गाचे नाते आणि तरफेचा नियम ही तिन्ही सूत्रे विद्यार्थ्याच्या रोजच्या पाहण्यातील एका बंपरवर एकत्र येतात. मोटारीच्या पृष्ठभागावर लोकरीचे लहान धागे चिकटवून हवेचा प्रवाह न्याहाळण्याचा अल्पखर्चिक प्रयोगही महाविद्यालयाच्या आवारात सुरक्षित वेगाने करता येण्याजोगा आहे. या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या स्वतःच्या मोटारीस असा भाग बसवतील. दुकानातील पट्टी विकत घेण्याआधी मागील चाकांचा आणि रस्त्यावरील पादचाऱ्याचा विचार करण्याची सवय वर्गातच लागली, तर या सूत्रांचे अध्यापन सार्थकी लागेल.