शहर आणि कॅमेरा – भाग ७ : पाण्यातला दुसरा पूल

पुण्यात बंडगार्डनजवळ मुळा-मुठेवर दगडी कमानींचा फिट्झगेराल्ड पूल आहे. १८६७ सालचा. पानशेत धरण फुटल्यानंतरच्या १९६१च्या पुरातूनही तो तरला. दिवाळीच्या सुमाराला पाणी संथ झालं की त्याच्या कमानी नदीत उतरतात. काठावर उभं राहून फोटो काढला, तर वर पुलाचा कठडा आणि दर्शनी भाग येतो. पाण्यात मात्र कमानीचं पोट दिसतं, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला कधीच न दिसणारी बाजू.

असं का? पाण्यातला पूल ही वरच्या पुलाची उलटी नक्कल नसते. कॅमेरा पाण्याच्या वर जितका उंच असेल, तितक्याच खोलीवरून वर पाहिलं तर जो पूल दिसेल, तोच प्रतिबिंबात उमटतो. चित्रात एक नव्हे, दोन कोनांतून पाहिलेले दोन पूल असतात. कॅमेरा पाण्यालगत आणला की हे दोन्ही कोन जवळ येतात आणि कमान व तिचं प्रतिबिंब मिळून एक बंद आकार तयार होतो. म्हणूनच प्रतिबिंबाच्या चित्रात भारी लेन्सपेक्षा गुडघे टेकायची तयारी जास्त कामाची. तिवईचे पाय पूर्ण पसरून कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणावा; चित्र तिथे बदलतं.

खाली वाकण्याचा दुसरा फायदा उजेडाचा. पाण्यावर सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परत फिरतो. पृष्ठभागाशी १० अंशांचा तिरपा कोन झाला, की हेच प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास जातं. तरीही प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा सुमारे दीड स्टॉप अंधारं राहतं. आकाशाचा भाग दाबणारा ग्रॅज्युएटेड फिल्टर इथे उपयोगी पडतो. पोलरायझर मात्र जपून फिरवावा, कारण तो चकाकीबरोबर प्रतिबिंबही पुसू शकतो. पृष्ठभागाशी ३७ अंशांच्या आसपास त्याचा परिणाम सर्वाधिक असतो.

फोकसची गंमत अनेकांना ठाऊक नसते. प्रतिबिंब पाण्यावर दिसतं, पण त्याचं अंतर मोजायचं ते कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि तिथून पुलापर्यंत. पाण्यावरच्या पानावर फोकस केला, तर पूल धूसर होणारच.

वेळ पहाटेची. वारा बहुधा पडलेला असतो. ऊन तापू लागलं की तो उठतो आणि पाणी चुरगळतं. पुण्याच्या नद्यांवर आणखी एक अडथळा असतो, जलपर्णीचा. ती पसरली की नदीचा आरसाच झाकला जातो, आणि त्यामागे नदीत सोडलं जाणारं सांडपाणी आहे, हेही छायाचित्रकारानं टिपायला हवं. अशा वेळी हिरव्या गालिच्यात अडकलेली कमान हेच त्या दिवसाचं खरं चित्र.

मुंबईत गणित निराळं. ३० जून २००९ रोजी सुरू झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूखाली पाणी क्वचितच स्थिर असतं. लाटेचा प्रत्येक उतार दिव्याचा एकेक तुकडा डोळ्यांकडे वळवतो, म्हणून रात्री दिव्यांचे लांब उभे पट्टे दिसतात. १/१२५ सेकंदात ते तुटक येतात. २० सेकंद शटर उघडं ठेवलं की मऊ, सलग होतात. आरसा मात्र त्यानं परत येत नाही. तो हवा असेल, तर ओहोटीची वेळ पाहून दादर चौपाटी गाठावी. लाट मागे सरल्यावर ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ थर क्षणभर टिकतो आणि सेतूच्या तारा त्यात उतरतात. पुढची लाट येण्याआधी दोन-तीन फोटो सहज होतात. सूर्यास्तानंतरची २०-२५ मिनिटं त्यासाठी उत्तम, कारण तेव्हा आकाशाचा निळा उजेड आणि दिव्यांचा पिवळा उजेड जवळपास सारख्या ताकदीचे असतात.

पुढच्या आठवड्यात : पावसाळी रस्त्यावरची ओल आणि दुकानांच्या पाट्यांचे रंग.