बेस हवा तर डबा एक मोठा की दोन छोटे?

धाराशिव, कळंब किंवा उमरग्यात नव्यानं बांधलेल्या घराचा हॉल बहुधा 12 बाय 12 नाहीतर 12 बाय 15 फुटांचा असतो. नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली फरशी. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात सास्तूर परिसरातली दगडमातीची घरं कोसळली, माळवदावरचा भरवसा उडाला आणि सिमेंटचं बांधकाम गावोगाव पसरलं. अशा हॉलमध्ये होम थिएटर बसवायचं ठरलं, की दुकानातला सर्वांत मोठा सबवूफर येतो आणि टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात बसतो. मग तक्रारी सुरू होतात. सोफ्यावर बेस लागतच नाही आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्याचं डोकं उठतं. डबा बदलून पाहिला तरी तेच होतं, कारण दोष डब्यात नसतोच.

'मोठा सबवूफर म्हणजे चांगला बेस' हा सर्वांत पक्का गैरसमज. बेसचा जोर डबा ठरवतो. तो सगळ्या जागी सारखा पोचेल की नाही, हे खोली ठरवते. 47 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे 24 फूट, म्हणजे 12 फुटी खोलीच्या दुप्पट. समोरासमोरच्या भिंतींवरून ही लहर परतते, स्वतःवरच चढते आणि जागच्या जागी उभी राहते. भिंतीपाशी तिचा दाब सर्वांत जास्त, मधोमध जवळजवळ शून्य. खात्री करून घ्यायची असेल तर 47 हर्ट्झचा सलग सूर सिस्टीमवर हळू आवाजात लावा आणि एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जा. खोलीच्या मध्यावर सूर विरतो, पुढच्या भिंतीजवळ पुन्हा भरून येतो. खोली 12 बाय 12 असेल तर लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच सुरावर जोर करतात, म्हणून चौरस हॉल बेससाठी सर्वांत अवघड. 15 फूट लांबी असली तर दुसरी अडचण 38 हर्ट्झच्या आसपास येते.

परदेशी परीक्षणं वाचून खरेदी करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ पत्रे ठोकून उभी केलेली असतात. त्या भिंती बेसबरोबर थरथरतात आणि त्याचा काही भाग गिळतात. आपली वीट आणि स्लॅब जवळजवळ सगळा बेस परत खोलीत फेकतात. त्यामुळे तिकडे ज्या डब्याचं कौतुक होतं, तोच इकडे घुमू लागतो.

'बेसला दिशा नसते, तेव्हा डबा कुठंही चालतो,' असंही सांगितलं जातं. यातलं अर्धं खरं आहे. साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट ओळखता येत नाही. पण जागा बदलली की त्याची पातळी बदलते, आणि कानाला खटकतं ते हेच. कोपऱ्यात ठेवलेला डबा खोलीच्या सगळ्या उभ्या लहरींना एकदम चेतवतो. बेस वाढल्यासारखा वाटतो. वाढलेली असते ती घुमारी.

यावरचा उपाय हार्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये मांडला. किती सबवूफर पुरेत आणि ते कुठं ठेवावेत, हाच त्यांच्या शोधनिबंधाचा प्रश्न होता. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक डबा ठेवला, तर सगळ्या आसनांवर बेस बराच समान होतो, आणि चारांपेक्षा जास्त डब्यांनी विशेष फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. कारण सोपं आहे. झोका दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सारख्या जोरानं ढकलला तर तो हलत नाही. समोरासमोरचे दोन डबे त्या पहिल्या उभ्या लहरीचं तसंच करतात. शिवाय दोन्ही डबे भिंतीच्या मध्यावर असल्यानं आडव्या दिशेच्या लहरीलाही चेतवत नाहीत. मध्यावर दार किंवा दिवाण येत असेल तर कर्णावरचे दोन कोपरे, ही दुसरी निवड.

मग 'छोट्या डब्यातून खोल बेस येत नाही' याचं काय? लहान पेटी, खोल सूर आणि कमी ताकदीत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. हा भौतिकीचा नियमच आहे. छोटा बंद डबा खोल जातो, पण त्याला जास्त वॅट लागतात आणि फार मोठ्यानं वाजता येत नाही. 12 बाय 15 च्या बंद खोलीत त्याची उणीव कमी भासते, कारण अगदी खालच्या सुरांना खोली स्वतःच उचल देते. त्यात दोन डबे मिळून एकाच्या मानानं 6 डेसिबलपर्यंत जास्त देतात. मिरवणुकीतल्या डॉल्बीची छातीवर आदळणारी धडक घरात आणायची असेल तर हे पुरणार नाही. चित्रपट नीट ऐकायचा असेल तर 8 किंवा 10 इंची दोन बंद डबे एका 15 इंचीपेक्षा मला केव्हाही बरे वाटतात.

अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम भिंतीला चिकटवून बेस आवरत नाही. 40 हर्ट्झची लहर साडेआठ मीटरची, तिला इंचभर फोम दिसतही नाही. खोक्यावरचे 'पीएमपीओ' वॅट वाचूच नका, आरएमएस विचारा. रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन घुमणारा सूर खाली आणतं, पण जिथं सूर विरतो तो खड्डा भरू शकत नाही. तिथं ताकद वाढवली की तीही तशीच विरते आणि स्पीकर तापतो.

दोन्ही एकदम घेणं परवडत नसेल तर आज एकच घ्या, पण पुढं तेच मॉडेल मिळेल असा घ्या. वेगवेगळ्या जातीची जोडी जुळवणं कटकटीचं असतं. रिसीव्हरला सबवूफरचं एकच आउटपुट असेल तर साधी वाय केबल पुरते. दोन्ही डब्यांचं व्हॉल्यूम सारखं ठेवा, क्रॉसओव्हर 80 वर लावा आणि फेजची बटणं दोन्हीकडे एकाच बाजूला असल्याची खात्री करा. एकाचं बटण उलटं राहिलं तर मधल्या सोफ्यावर बेस जवळजवळ नाहीसा होतो.