ज्यांनीं यंत्राला वर्णमाला शिकविली

पनवेलच्या आमच्या घरांत चार पिढ्यांचीं नऊ माणसें एकत्र नांदतात, आणि सर्वांत मिळून संगणक एकच आहे. गेल्या पाडव्यास आमच्या नातवानें त्यावरून आपल्या मामास शुभेच्छा पाठविल्या. भाषा मराठी, परंतु लिपि रोमन ! कारण विचारतां तो सहज म्हणाला, "आजोबा, ह्या यंत्राला मराठी अक्षरें येत नाहींत." ज्यानें उभा जन्म मुलांचें शुद्धलेखन तपासण्यांत घालविला, त्याच्या जिव्हारीं हें वाक्य लागल्यावांचून कसें राहील ? त्या मुलास आम्हीं जी हकीकत सांगितली, तीच येथें वाचकांपुढें ठेवतों.

संगणक हें मुळांत घरगुती यंत्र नव्हेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं पूर्ण झालेला 'टिफ्रॅक' हा निर्वात-नळ्यांचा अवजड संगणक शास्त्रज्ञांपुरताच होता. अन्यत्रही हें यंत्र सरकार, लष्कर व बडे व्यापारी ह्यांच्याच हातीं असे. हें कांहीं अमेरिकन तरुणांस रुचेना. १९७३ सालीं ली फेल्सेन्स्टाइन व त्यांच्या मित्रांनीं बर्कले येथें तबकड्यांच्या एका दुकानापाशीं, दूरच्या संगणकास जोडलेलें एक यंत्र ठेवलें. कोणीही यावें व तें वापरावें. १९७५ च्या मार्चमध्यें मेन्लो पार्क येथें गॉर्डन फ्रेंच ह्यांच्या मोटारखान्यांत तीसएक हौशी माणसें जमलीं व 'होमब्रू काँप्युटर क्लब' निघाला. ज्यास जें उमगलें तें त्यानें इतरांस मोकळेपणीं सांगावें, हा तेथील शिरस्ता. स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक ह्यांनीं आपल्या पहिल्या 'अ‍ॅपल' यंत्राचे आराखडे तेथें फुकट वांटले. विद्या दिल्यानें वाढते, ही आपली जुनी समजूत ह्या मंडळींनीं आचरणांत आणली.

परंतु ज्यास रोमन अक्षर येत नाहीं, त्याच्या घरीं हें यंत्र आलें तरी तें मुकेंच ! ही उणीव दूर करणारांत मोहन तांबे ह्यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सिद्ध झालेलें त्यांचें 'जिस्ट' तंत्र १९८८ सालीं पुण्यास निघालेल्या, डॉ. विजय भटकर ह्यांच्या 'सी-डॅक' संस्थेंत वाढीस लागलें. 'जिस्ट'चें कार्ड बसवितांच साधा संगणक देवनागरी दाखवूं लागे.

त्याच दशकांत 'इन्स्क्रिप्ट' कळफलक ठरला. १९९१ सालीं तो भारतीय मानकांत समाविष्ट झाला. डावीकडे स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजनें. क च्या कळीवरच 'शिफ्ट' दाबतांच ख, ग च्या कळीवर घ, त च्या कळीवर थ. मात्रेच्या कळीवर पूर्ण स्वर. अल्पप्राण-महाप्राण हा जो भेद आपल्या प्राचीन शिक्षाकारांनीं मुखाचें निरीक्षण करून ओळखला, तोच येथें बोटांखालीं येतो. शिवाय भारतीय लिप्यांस कळफलकाची मांडणी एकच. मराठीवर बसलेला हात बंगालीवरही चालतो. पुढें सुलेखनकार र. कृ. जोशी ह्यांनीं घडविलेलीं 'मंगल' अक्षरें 'विंडोज २०००' ह्या प्रणालीबरोबर जगभर गेलीं.

म्हणजे यंत्राला मराठी येत होतें. आमच्याच घरांत तें कोणी चालू केलें नव्हतें! आम्हीं नातवास शेजारीं बसवून तें केलें. दोष त्या मुलाचा नव्हता. आम्हीं वडीलधाऱ्यांनीं संगणक हा पोरांचा प्रांत मानून त्याकडे पाठ फिरविली होती.

हल्लीं संध्याकाळीं दिवेलागणीनंतर तो आमच्या मातोश्रींपाशीं बसतो व त्या सांगतात त्या जुन्या आठवणी टंकतो. परवां 'ज्ञानेश्वरी' शब्दाशीं त्याचें बोट अडलें. "आजोबा, ज्ञ कोठें आहे ?" आम्ही म्हणालों, "ज लिही, त्याचा पाय मोड आणि ञ जोड." तत्क्षणीं पडद्यावर ज्ञ उमटला. वर्गांत फळ्यावर आम्ही हेंच शिकवीत होतों.