हिरडीखालचे मिलिमीटर

२००९-१० साली अमेरिकेतल्या प्रौढांच्या हिरड्या जणू एकाएकी बिघडल्या. त्या वर्षीच्या सरकारी आरोग्य पाहणीत तीस वर्षांवरच्या ४७.२ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी माणसांना, हाडापर्यंत पोचलेला हिरड्यांचा आजार असल्याचं दिसलं. साथ वगैरे काही आली नव्हती. बदलली होती ती मोजायची पद्धत. आधीच्या पाहण्यांत अर्धंच तोंड तपासलं जाई: वरच्या जबड्याची एक बाजू, खालच्याची एक, आणि तिथेही प्रत्येक दाताच्या मोजक्या जागा. या वेळी अक्कलदाढा सोडून सगळे दात आणि प्रत्येक दाताभोवतीच्या सहा जागा मोजल्या. जुन्या पद्धतीत निम्मे किंवा त्याहूनही अधिक रुग्ण निसटू शकतात, असं संशोधकांच्या हिशेबात निघालं.

सरकारी पाहणीची ही तऱ्हा, तर आरसा आणि टॉर्च घेऊन दोन मिनिटांत उरकलेल्या तपासणीत काय होत असेल?

हा आजार बराच काळ दुखत नाही, हीच मोठी पंचाईत आहे. निरोगी हिरडीच्या काठाशी दाताभोवती एक ते तीन मिलिमीटरची खाच असते. तिच्यात जंतूंचा थर साचत राहिला की हिरडी सुजते, आणि काही जणांत ती दातापासून सुटत जाऊन खालचं हाड झिजू लागतं. खोल झालेल्या या खाचेला दंतवैद्य ‘पॉकेट’ म्हणतात. ते बाहेरून दिसत नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई, म्हणजे प्रोब, हलक्या हाताने आत घालून त्याची खोली मोजावी लागते. २८ दात असले तर १६८ आकडे होतात. एकाने आकडे सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे, असं ते वेळखाऊ काम आहे. गर्दीच्या दवाखान्यात पहिली काट यालाच बसते आणि कागदावर नुसतं ‘क्लीनिंग’ उरतं.

मोजलं तरी फसगत होतेच. हिरडीखाली कडक कीटण असेल तर प्रोब त्याला अडते आणि खोली कमी भरते. हिरडी फार सुजलेली असेल तर टोक मऊ मांसात घुसतं आणि ती जास्त भरते. हिरडी मागे सरकलेली असली की आणखी घोळ. पॉकेट तीनच मिलिमीटरचं, म्हणून सगळं ठीक दिसतं. पण हिरडी स्वतःच चार मिलिमीटर खाली उतरली असेल, तर दाताचा सात मिलिमीटर आधार गेलेला असतो. तंबाखू जिथे धरून ठेवली जाते तिथे हिरडी अशी उतरलेली पुष्कळदा सापडते. याच्या उलट, रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांची हिरडी वाढते. मग पॉकेट पाच मिलिमीटरचं भरतं आणि हाड मात्र जागच्या जागी असतं. रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो हे विचारलंच नाही, तर हा उलगडा व्हायचा कसा?

रक्तावर तर आणखीच भरवसा ठेवू नये. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतला रक्तस्राव कमी असतो. हाड खचत असतानाही हिरडी फिकट आणि टणक राहते, रुग्ण आणि दंतवैद्य दोघेही निर्धास्त. मधुमेह कह्यात नसला तर हा आजार बळावतो, आणि आजारामुळे साखर आवरणंही अवघड होतं. हिरड्या एकाएकी फुगून सहज रक्त येऊ लागलं, तर क्वचित त्यामागे रक्ताचा कर्करोगही निघतो. तिथे नुसतं कीटण काढून घरी पाठवणं महागात पडतं.

रुग्णाचं स्वतःचं निदानही काही कमी चुकीचं नसतं. ‘क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात’ ही आपल्याकडची पक्की समजूत. हाड आधीच गेलेलं असतं; कीटणाच्या थराने शेजारचे दात एकमेकांना बांधून ठेवलेले असतात. तो निघाला की फटी उघड्या पडतात आणि दोष दंतवैद्याच्या माथी येतो.

दुखण्याची वाट उलट्या बाजूनेही चुकते. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या विकारात ब्रश लागला तरी विजेचा झटका बसावा तशी कळ येते. ती दातातूनच येते असं रुग्ण छातीठोकपणे सांगतो आणि धडधाकट दाढा काढून बसतो. कळ तशीच राहते. एक्स-रेही असाच फसवतो. खालच्या पुढच्या दातांच्या मुळांशी हाडातच होणारा एक निरुपद्रवी बदल, बहुधा मध्यमवयीन स्त्रियांमध्ये, एक्स-रेवर हुबेहूब मुळाशी झालेल्या गळवासारखा दिसतो. दाताला गार लावून तो जिवंत आहे का हे पाहिलं, तर नाहक रूट कॅनाल टळतं.

पण पॉकेट आज किती खोल आहे, एवढ्यावरही निदान संपत नाही. आजार किती वेगाने चाललाय, हेही बघावं लागतं. याचा सर्वांत बोलका पुरावा श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतून आला. हाराल्ड लो या नॉर्वेजियन संशोधकाच्या चमूने १९७० साली तिथल्या ४८० पुरुष मजुरांचे दात तपासायला घेतले आणि पुढची पंधरा वर्षं ते पुन्हा पुन्हा तपासले. या मजुरांना दात घासण्याची सवय नव्हती, दंतोपचार जवळपास मिळतच नव्हते. सगळ्यांच्या दातांवर कीटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी १९८६ साली निष्कर्ष आले तेव्हा ८ टक्के मजुरांचा आजार झपाट्याने वाढलेला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलेलाच नव्हता! पस्तिशीच्या आसपास पहिल्या गटातल्यांच्या दातांचा आधार सरासरी नऊ मिलिमीटर गेला होता, दुसऱ्यांचा चार, तिसऱ्यांचा एकाहूनही कमी. नुसतं कीटण आणि सूज पाहून या तीन गटांना वेगळं काढणं कठीणच.

२०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी आजाराचं नवं वर्गीकरण ठरवलं, त्यात हा वेगही धरला. एक्स-रेवर हाड किती टक्के गेलं त्याला रुग्णाच्या वयाने भागायचं. भागाकार एकाच्या वर गेला तर आजार वेगवान. दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी, किंवा मधुमेह असून एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली साखर दाखवणारा रक्तातला आकडा, सात टक्के वा त्याहून जास्त, असं असलं तरी रुग्ण त्याच वर्गात. एका दाताभोवतीचं ४० टक्के हाड गेलेले दोन एक्स-रे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतील. पण एक तीस वर्षांच्या तरुणाचा आणि दुसरा साठीच्या आजोबांचा असेल, तर भागाकार १.३३ आणि ०.६७ येतो, आणि त्या तरुणाला पुढच्या तपासणीसाठी फार लवकर बोलवावं लागतं.