पत्र्याखालचा उन्हाळा

वैशाखातल्या भर दुपारी कुर्डुवाडी जंक्शनवर उतरून माढा तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीकडे चालू लागा. लांबूनच पत्रे लखलखताना दिसतात. दुपारी तापलेला पत्रा साठ अंशांच्याही वर जातो. खाली पाळण्यातले मूल किरकिरते आणि म्हातारी माणसे बाज उचलून लिंबाखाली जातात.

जुन्या माळवदाच्या घरात असे होत नसे. जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर, त्यामुळे दुपारचे ऊन आत झिरपेपर्यंत सांज होई. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, माळवदे झोपलेल्या माणसांवर आली आणि हजारो जीव गेले. हिशेब करून पाहा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर फूटभर माती म्हणजे सुमारे साडेचार टन ओझे. पावसात भिजली की ते आणखी वाढते. म्हणून जुन्या माळवदावर दरवर्षी नवी माती चढवू नका. गारवा हवा, पण डोक्यावर ओझे नको.

हे जमते कसे? गोधडी आठवा. चिंध्यांच्या थरांत हवा कोंडून राहते म्हणून ती ऊब देते. बर्फवाला लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळतो, तेही याच कारणाने. थंडी असो वा ऊन, कोंडलेली हवा दोन्ही अडवते. थर्मोकोलात अशीच हवा भरलेली असते. इंचभर थर्मोकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट जवळजवळ तीन फूट जाड लागेल. नुसत्या स्लॅबचे घर रात्रीही का तापते, ते यावरून कळावे.

आता खर्चाच्या क्रमाने उपाय पाहू.

पहिला उपाय पांढऱ्या रंगाचा. होळीच्या आधी स्लॅब झाडून चुन्याचे दोन हात द्या. चुना भिजवून, गाळून घ्या आणि त्यात थोडा डिंक घाला. पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे पत्र्याचा पांढरा रंग लावा. ऊन वरच्या वर परतते.

दुसरा उपाय पश्चिमेच्या भिंतीचा. दुपारनंतरचे सारे ऊन ती खाते. तिच्यापुढे छप्पर उतरवा, घोसाळ्या-दोडक्याचा मांडव करा, किंवा थोडे अंतर सोडून शेवगा लावा.

तिसरा उपाय पत्र्याखाली छत करण्याचा. बांबूचे तट्टे पत्र्यापासून फूटभर खाली बांधा आणि दोन्ही टोकांना हवा जायला झरोके ठेवा. तापलेली हवा बाहेर निघून जाते. झरोक्यांना जाळी मात्र हवीच, नाहीतर उंदीर येतात आणि उंदरामागे साप.

नवे घर बांधणाऱ्यांनी पोकळ भिंतीचा विचार करावा. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडतात. केरळात लॉरी बेकर यांनी ही पद्धत रुजवली. विटा सुमारे चौथ्या हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. मात्र गवंडी जाणता हवा, आणि भूकंपासाठी पट्टे व कोपऱ्यांतल्या सळया चुकवू नयेत.

काही गोष्टी टाळा. पत्र्यावर पाचट किंवा कडबा पसरला तर गारवा येतो खरा, पण एका ठिणगीने घर जाते. थर्मोकोलही पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून तो चुलीच्या आसपास, उघडा लावू नये. काचलोकर पेटत नाही, पण तिची कुसळे अंगात रुततात. हाताळताना तोंडाला फडके आणि अंगभर कपडे हवेत. सिमेंटचे जुने पत्रे कापू नका, घासू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

सारे एकदम करायला नको. यंदा चुना किंवा रंग, पुढच्या साली छत. आणि पहिले छत पाळणा टांगलेल्या खोलीला करा. तिथे झोपणाऱ्याला बाज उचलून लिंबाखाली जाता येत नाही.