जुन्या लाद्या काढताना धुळीकडे दुर्लक्ष नको

मुंबई, प्रतिनिधी

घराच्या नूतनीकरणात पहिला हातोडा बहुधा स्वयंपाकघरावर पडतो. ओट्यामागच्या तेलकट, तडे गेलेल्या लाद्या काढायच्या, एवढाच विचार असतो. मजूर ठरतो आणि दोन दिवसांत भिंत मोकळी होते. या दोन दिवसांत उडणाऱ्या धुळीची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

लादी, तिच्यामागचे सिमेंट आणि त्यातील वाळू यांच्या धुळीत सिलिका असते. डोळ्यांना दिसणारे जाड कण बहुतांशी नाकात अडकतात वा खाली बसतात. न दिसणारे सूक्ष्म कण थेट फुप्फुसात उतरतात. वर्षानुवर्षे ते साचत गेल्यास 'सिलिकोसिस' हा विकार जडतो. तो पूर्ण बरा करणारा उपचार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाला कर्करोगकारक ठरविले. घरमालकाचा या धुळीशी संबंध दोन दिवसांचा. मजुराचा मात्र रोजचा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची नोंद बंधनकारक केली होती, तथापि घरोघरी जाऊन लाद्या फोडणारा मजूर कारखान्यातील कामगार गणला जात नव्हता.

ही धूळ कमी करणे अवघड नाही. लादीवर व सांध्यांवर पाणी शिंपडत छिन्नी-हातोड्याने काम केल्यास धूळ बरीच दबते. ग्राइंडर वा ब्रेकर कोरडा चालविल्यास ती घरभर पसरते. पाणी वापरायचे असल्याने त्या भिंतीतील वीजपुरवठा आधी बंद करावा. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा 'एन-९५' मुखवटा हवा. डोळ्यांना चष्मा व हातांत जाड मोजे असावेत, कारण लादीची कपची काचेसारखी कापते. दाराला ओला पडदा लावावा, खिडकी उघडी ठेवावी आणि कोरडा झाडू टाळून ओल्या फडक्याने जमीन पुसावी.

भिंतीच्या पोटात नळ आणि तारा असतात, हेही विसरता कामा नये. जुन्या इमारतींतील गंजलेले लोखंडी नळ एका घावानेही फुटू शकतात. म्हणून पाण्याची मुख्य तोटी बंद करावी, गॅस सिलिंडर बाहेर न्यावा आणि मोरीच्या जाळीवर गोणपाट अंथरावे. अन्यथा राडारोड्याने सांडपाण्याची वाहिनी तुंबते. ठोकल्यावर पोकळ वाजणारी लादी आधी काढल्यास शेजारच्या लाद्या सुटणे सोपे जाते.

उरतो प्रश्न राडारोड्याचा. तो रस्त्याकडेला वा नाल्यात टाकणे नियमबाह्य आहे. मुंबईत त्यासाठी महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. गोण्या भरतानाही राडारोडा ओला ठेवावा.

ठेकेदाराकडून दर घेतानाच मुखवटे, पाणी मारून फोडणे व राडारोड्याची वाहतूक यांचा खर्च लेखी मागावा. मुखवट्यांचा खर्च एकूण कामाच्या तुलनेत किरकोळ असतो. मजुराच्या श्वासाची किंमत मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात मावणारी नाही.