भिंगाखाली गाठीचा खरा स्वभाव

कोपराखाली दोन-तीन आठवड्यांत सुपारीएवढी गाठ वाढते. सर्जन ती काढून फॉर्मालिनमध्ये घालून तपासणीला पाठवतात. मेणाच्या ठोकळ्यात बसवून तिचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात, ते रंगवतात आणि स्लाइड पॅथॉलॉजिस्टच्या भिंगाखाली जाते. तिथे लांबट पेशींची दाटी दिसते, जागोजागी पेशींचे विभाजन चाललेले. कुणालाही सार्कोमाच, म्हणजे मृदू ऊतींचा कर्करोगच, वाटावा.

पण तो कर्करोग नसतो. या गाठीचे नाव नोड्युलर फॅसायटिस. कोनवेलर, कीस्बी आणि कॅप्लन यांनी १९५५ साली तिचे वर्णन केले, तेही सार्कोमाचा भास निर्माण करणारी गाठ म्हणूनच. जाणकार डोळा पेशींची नुसती संख्या मोजत नाही. केंद्रके एकसारखी आहेत का, पेशींची मांडणी सैल आहे का, विभाजनात काही विकृती आहे का, हे तो पाहतो. २०११ मध्ये या गाठींत यूएसपी६ या जनुकाची फेरजुळणी सापडली आणि निदानाला भक्कम आधार मिळाला. अशी गाठ कधी कधी आपोआप विरतेही.

सायनोव्हियल सार्कोमाचे याच्या अगदी उलट. तरुणांच्या गुडघ्याजवळ ही गाठ काही वेळा वर्षानुवर्षे सावकाश वाढते, पेशीही एकसारख्या, शिस्तीत दिसतात. तरीही ती फुप्फुसांपर्यंत पसरू शकते. सांध्याच्या अस्तरावरून तिला नाव मिळाले, पण तिचा उगम तिथला नाही. एक्स आणि १८ या गुणसूत्रांतील अदलाबदल ही तिची खरी ओळख.

मृदू ऊतींच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, आणि सार्कोमा प्रौढांच्या कर्करोगांत जेमतेम एक टक्का. त्यामुळे अनेक पॅथॉलॉजिस्टना ते क्वचितच पाहायला मिळतात. तज्ज्ञांचीही चूक होते. ‘मॅलिग्नंट फायब्रस हिस्टिओसायटोमा’ हे एके काळी सर्वांत जास्त दिले जाणारे निदान होते. पॅथॉलॉजिस्ट फ्लेचर यांनी १९९२ साली प्लिओमॉर्फिक, म्हणजे बहुरूपी पेशींचे, सार्कोमा असे निदान झालेले १५९ अर्बुद पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेक वेगळ्याच जातींचे निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणातून ते नावच गेले.

चुकीच्या नावापायी कुणाचा हात विनाकारण कापला जाऊ शकतो, तर कुणावरचे उपचार महिनोन्‌महिने लांबू शकतात. म्हणून अहवालात ‘सार्कोमा’ किंवा ‘संशयास्पद’ असे लिहिलेले असेल, तर घाईने दुसरी शस्त्रक्रिया करून घेऊ नका. स्लाइड आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या, असे रुग्ण नेहमी पाहणाऱ्या केंद्राकडून त्यांची फेरतपासणी करून घ्या.